मोरदऱ्याच्या वळणावर

नवरा चाळिशीनंतर सायकलवेडा होईल, असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर स्नेहलनं ते हसण्यावारी नेलं असतं. दीपक मूळचा दिंडोरीकडचा. घरची द्राक्षबाग भावावर सोपवून तो नाशकात आला, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला, पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला आणि पोट सुटेपर्यंत चारचौघांसारखा सुखानं राहिला. मग एका वर्षी तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, यानं सायकल आणली. सुरुवातीला गुडघे धरून बसायचा. नंतर जे वेड लागलं ते असं, की रविवारी सकाळी माणूस घरात सापडेना. शेवटी स्नेहलनंही एक सायकल घेतली. नवऱ्याशी निवांत बोलायचं तर तेवढाच मार्ग उरला होता.

दोघं जायची ती मोरदऱ्याच्या वनउद्यानात. शहराच्या कडेची ही टेकडी पूर्वी उघडीबोडकी होती. वनखात्यानं झाडं लावली, कुंपण घातलं, आणि सायकल ग्रुपच्या लोकांनी श्रमदान करून टेकडीला वळसा घालणारी एक अरुंद सायकलवाट काढली. दगड उचलायला, चर खणायला दीपक सगळ्यांच्या पुढे असे. वाट सागाच्या रोपांमधून शिरे, करवंदीच्या जाळ्यांतून चढत जाई आणि माथ्यावर एकदम उघड्यावर येई. तिथं उभं राहिलं की एका अंगाला धरणाचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला धुरकट शहर. मग उतार लागे, पळसांच्या मधून खाली येणारा. फाल्गुनात पळस फुलले की लोक सायकली आडव्या टाकून फोटो काढत बसत.

या उतारावर एके ठिकाणी जुनी पायवाट आडवी जात होती. टेकडीपलीकडच्या मळ्यांत फुलं करणाऱ्या घरांतल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन तिथून उतरत, खाली हमरस्त्यावर रिक्षा धरत आणि बाजार गाठत. उद्यान झालं तरी त्यांच्यापुरती कुंपणाला फट राहिली होती. बाया सायकलवाल्यांना वाट देत, सायकलवाले बायांना. कधी कुणाची कुरबुर झाल्याचं स्नेहलला आठवत नव्हतं.

त्या रविवारी दीपक पुढे होता आणि ती त्याच्या मागे, थोडं अंतर राखून. उन्हं नुकतीच झाडांतून खाली आली होती. पायवाट जिथं मिळते त्या वळणाच्या जरा अलीकडे, वाटेच्या डाव्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर झेंडूची पाटी, एक हात पाटीला. सायकली येताना बघून ती कडेला सरकून घाणेरीच्या झुडपाला टेकली होती. स्नेहलला ती लांबूनच दिसली. दीपक वळण घेण्यासाठी डावीकडे आला, आणखी डावीकडे आला आणि सरळ तिच्या अंगावर गेला. त्यानं ब्रेक दाबला नाही, घंटी वाजवली नाही, साधी मानही वळवली नाही.

म्हातारी एका कुशीवर पडली. पाटी उलटली आणि झेंडूची फुलं उतारावरून घरंगळत गेली. दीपकही पलीकडे आपटला होता, कोपर सोलून निघालं होतं. तो उठून बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठून आली ही?" तो म्हणाला. "एकदम मध्येच आली."

स्नेहल सायकल टाकून म्हातारीपाशी धावली. त्या घाईत त्या वाक्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. ते तिला नंतर आठवलं, आणि मग विसरता येईना.

म्हातारीचं नाव नवसाबाई. उद्यानाच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. दीपकनं कुठं अंग चोरलं नाही. दवाखान्यातलं सगळं त्यानं स्वतःवर घेतलं, पहिले दोन दिवस तिथंच बाकावर बसून काढले, नवसाबाईच्या मुलाची हात जोडून माफी मागितली. पण कसं झालं असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर एकच असे. बाई झुडपातून एकदम वाटेवर आली, थांबायला वेळच मिळाला नाही.

ग्रुपची सूत्रं मोहिनीकडे होती. ती दातांची डॉक्टर, कामाला वाघ, आणि सायकलवाट म्हणजे तिचं लेकरू. तिनं ठरवलं की आता पायवाट बंद व्हायलाच हवी. आज म्हातारी पडली, उद्या एखादं सायकलवरचं मूल दरीत जाईल. तिनं वनखात्याकडे अर्ज दिला, कुंपणाची फट जाळी लावून बुजवावी. वनपाल चौकशीला आले. दीपकनं जे सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं आणि मग स्नेहलकडे वळून विचारलं, की मॅडम, तुम्ही मागेच होता, तुम्ही काय पाहिलं?

दीपक शेजारीच उभा होता. कोपराला पट्टी होती.

"मी जरा मागे होते," स्नेहल म्हणाली. "मला नीट दिसलं नाही."

खोटं बोलण्यापेक्षाही तिला दुसरीच गोष्ट खात होती. हा माणूस खोटारडा नव्हता. कारखान्यात माल बिघडला तर हाताखालच्यांवर न ढकलता स्वतः साहेबापुढे उभा राहणारा तो. संसारात भांडणं झाली होती, अबोले झाले होते, पण त्यानं तोंडावर खोटं सांगितल्याचा एक प्रसंग तिला आठवेना. मग आताच काय झालं? घाबरला म्हणावं, तर घाबरलेला माणूस डोळे चुकवतो. दीपक डोळ्याला डोळा देऊन सांगत होता.

एके दिवशी कामावरून लवकर निघून ती एकटीच दवाखान्यात गेली. नवसाबाईची सून रूपाली पायाशी बसली होती. तिनं स्टूल पुढे केलं. स्नेहलनं मोसंबी ठेवली, दुखतं का मावशी, असं काहीतरी विचारलं. नवसाबाईनं तिच्याकडे मान वळवली.

"ताई, मी मधी नाय आले," ती म्हणाली. "मी उभीच हुते. तुमी मला पायलं, मी तुमाला पायलं. आपली नजरानजर झाली."

स्नेहलनं मान खाली घातली.

"तुमचे मालक माझ्याकडंच येत हुते, पर बघत नव्हते. जशी काय मी तिथं नव्हतेच." नवसाबाईच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "लय विचार केला मी. असं कसं माणूस माणसाला बघत नाय?"

त्या संध्याकाळी स्नेहलनं विषय काढला. वेदिका, त्यांची नववीतली मुलगी, क्लासला गेली होती. स्नेहलनं शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं की ती बाई कडेलाच उभी होती, मी पाहिलं होतं.

दीपक तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे मी खोटा."

"मी तसं म्हणत नाही हो."

"मग काय म्हणतेस? मी मुद्दाम म्हातारीच्या अंगावर सायकल घातली?"

तो उठून गॅलरीत गेला. जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीला लागला आणि चौकटीवरच वैतागून तो काहीतरी पुटपुटला. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. भाजी आणायची का, वेदिकाला कोण सोडणार, एवढंच. दीपक हॉलमध्ये झोपू लागला. स्नेहलला वाटे, आपण बोललो नसतो तर बरं होतं. आणि लगेच दवाखान्यातला तो चेहरा समोर येई.

उलगडा झाला तो जेवणाच्या टेबलावर. रविवारची दुपार होती. सायकली जाळीच्या कामामुळे बंद होत्या, म्हणून तिघंही घरी होती. स्नेहलनं ताकाचा ग्लास दीपकच्या डाव्या बाजूनं पुढे केला आणि ताक म्हटलं. त्यानं हात पुढे केला, तो ग्लासावर आदळला आणि ताक टेबलभर झालं. स्नेहल चिडली. आजवरचा सगळा राग त्या फडक्यात उतरवून ती टेबल पुसू लागली.

"मम्मी, पप्पांना डावीकडून नको देत जाऊ," वेदिका जेवता जेवता सहज म्हणाली. "मी नेहमी उजवीकडून देते. डावीकडून दिलं की सांडतंच."

स्नेहलचा हात थांबला. गाडीच्या डाव्या अंगावरचे ओरखडे, पार्किंगवाल्यावर फोडलेलं खापर, परवाची ती चौकट. बाजारात ओळखीच्यांनी हात केला तरी हा पुढे निघून जायचा आणि लोक म्हणायचे, दीपकभाऊंना फार माज चढलाय. तिनं टेबलावरचा चमचा उचलला.

"जरा माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "माझ्या नाकाकडे. नजर हलवू नका."

तो वैतागला, पण बघू लागला. तिनं चमचा त्याच्या डाव्या कानाच्या रेषेत धरला आणि हळूहळू पुढे आणायला लागली. दिसला की सांगा, म्हणाली. काय दिसला, त्यानं विचारलं. चमचा त्याच्या गालापुढे आला, खांद्यापुढे आला. वेदिका घास हातात धरून बघत होती. तिला चमचा दिसत होता, खिडकी दिसत होती, खिडकीबाहेरचा गुलमोहर दिसत होता. चमचा स्नेहलच्या स्वतःच्या चेहऱ्याजवळ आला तेव्हा कुठं दीपक दचकला आणि म्हणाला, हा काय, आत्ता आला.

उजवीकडून बरं होतं, पण फार बरं नव्हतं.

दीपक आधी हसला. मग हसू ओसरलं. त्यानं स्वतःचं बोट धरून पाहिलं, एकदा, दोनदा, पुन्हा. नंतर तो बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. समोरचं नीट दिसतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत जातं आणि उरलेलं चित्रच पूर्ण आहे असं वाटत राहतं. गेलं ते परत येणार नाही. थेंब घालून आणि गरज पडली तर ऑपरेशन करून उरलेलं सांभाळायचं. घरात कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. दीपकचे वडील शेवटची वर्षं भिंत चाचपत चालायचे. घरात सगळे म्हणायचे, फवारणीच्या औषधानं अण्णांचे डोळे गेले.

गाडी चालवायची नाही, सायकल तर नाहीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जाताना त्यानंच गाडी आणली होती. परतताना स्नेहलनं किल्ली घेतली आणि त्यानं ती मुकाट्यानं दिली. गडकरी चौकाच्या सिग्नलला ती थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. नवरा खोटं बोलला नव्हता. त्याच्यापुरती नवसाबाई खरोखरच एकदम समोर आली होती. त्या हलकं वाटण्याची तिला लगेच लाज वाटली, कारण पुढचं सगळं त्याहून जड होतं. हाच माणूस वेदिकाला स्कूटरवर मागे बसवून रोज हायवेच्या कडेनं क्लासला नेत होता.

दीपकनं तिच्याकडून एकच गोष्ट मागितली, की कुणाला सांगायचं नाही. कारखान्यात त्याचं काम मशिनींच्या मधे, फोर्कलिफ्टच्या येण्याजाण्यात. कळलं तर दुसऱ्या दिवशी बाजूला बसवतील. नातेवाईक येतील आणि अण्णांसारखंच झालं म्हणून हळहळतील. स्नेहलनं मान्य केलं. मग तिनं विचारलं, जाळीचं काय? तिथं तरी बोलावं लागेल. तो म्हणाला, सांगतो, जरा सावरू दे मला.

तो सावरेपर्यंत जाळी लागली. रूपालीचा फोन आला तो नवसाबाईला घरी नेल्याचं सांगायला. बोलता बोलता तिनं सांगितलं की आता बायांना टेकडीला वळसा घालून हायवेनं यावं लागतं, डोक्यावर ओझं आणि अंगाला घासून कंटेनर. परवा एक पोरगी पाटीसकट गटारात गेली, नशीब थोर म्हणून वाचली. फोन ठेवण्याआधी रूपाली थांबली.

"ताई, तुमी तर पायलं हुतं ना," ती म्हणाली.

स्नेहलला त्या दिवशी कामात मन लागलं नाही. संध्याकाळी तिनं दीपकला सांगितलं की उद्या मी वनपालांकडे जाणार आहे. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी एकटी जाईन.

"माझे डोळे गावभर करणार?"

"डोळ्यांचं मी बोलणार नाही. शब्द दिलाय. पण ती बाई कडेला उभी होती, एवढं सांगणार."

"तेवढं सांगितलंस तर मी खोटा ठरतो, हे कळतंय का तुला?"

कळत होतं. रात्रभर तिला झोप लागली नाही ती त्यामुळेच. एक सांगितलं तर नवरा लबाड ठरत होता, दुसरं सांगितलं तर त्याचा विश्वास मोडत होता, आणि काहीच न सांगितलं तर बाया हायवेनं चालत होत्या. सकाळी दीपक कामावर निघून गेला. ती वनपालांच्या ऑफिसात गेली. मोहिनीही तिथं होती. स्नेहलनं सांगितलं की त्या दिवशी मी खरं बोलले नाही, मला सगळं नीट दिसलं होतं. बाईनं वाट दिली होती, चूक तिची नव्हती.

म्हणजे दीपकनं आपल्याला फसवलं, मोहिनी म्हणाली. स्नेहल ओठ घट्ट मिटून उभी राहिली. आयुष्यात इतकं कठीण तिला काही गेलं नव्हतं.

बातमी ग्रुपमध्ये पसरायला संध्याकाळही लागली नाही. ज्यांच्याबरोबर दगड उचलले, चर खणले, त्यांतल्या कुणी काही लिहिलं, कुणी काहीच लिहिलं नाही. एकानं फोन करून सुनावलं की म्हातारीला आडवं पाडलंस ते पाडलंस, वर तिच्यावरच ढकललंस. दीपकनं ते ऐकून घेतलं. मग फोन उलटा ठेवून तो अंधारू लागलेल्या गॅलरीत बसून राहिला. स्नेहलनं चहा नेला, उजव्या बाजूनं. त्यानं घेतला नाही.

"मला आंधळा म्हणू देत," तो शेवटी म्हणाला. "पण लबाड नको म्हणायला."

पुढच्या रविवारी तो तिच्याबरोबर उद्यानाच्या फाटकाशी गेला. सगळे सायकली घेऊन जमले होते, तो एकटा रिकाम्या हातांनी उभा होता. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. बोलताना मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला. मला ती बाई दिसली नाही, म्हणाला, आणि कडेचं मला बरंच काही दिसत नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या शब्दावर जाळी लावली. ती काढा. मोहिनी पुढे आली आणि तिनं त्याचा हात धरला. बाकीचे हेल्मेटचे पट्टे चाळवत उभे राहिले.

जाळी निघाली. वळणावर सायकल उतरून हातानं न्यायची असा नियम झाला. त्याच आठवड्यात दीपकनं कारखान्यातही सांगितलं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, चांगलं बोलले आणि त्याला स्टोअरमध्ये टेबलावर बसवलं. त्याच्या जागेवर त्याच्याच हाताखाली शिकलेला माणूस आला. घरी आल्यावर दीपक त्याबद्दल काही बोलत नसे. स्नेहलशी बोलायचा, पण पूर्वीसारखं नाही. त्याच्या मनात काय होतं ते तिला कळत होतं. तिनं शब्द पाळला होता, आणि पाळूनच त्याला कोंडीत पकडलं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

नवसाबाईकडे जायचं त्यानंच ठरवलं. उन्हाळा लागला होता, मळ्यात निशिगंधाला पाणी सोडलेलं होतं. नवसाबाई ओट्यावर खाटेवर बसली होती, शेजारी वॉकर. दीपक खाली ओट्याच्या कडेला टेकला आणि त्यानं सगळं सांगितलं. रूपाली दारात उभी राहून ऐकत होती. नवसाबाईनं मधेच एकदा हात वर केला, त्याच्या डाव्या अंगाला नेला आणि विचारलं, दिसतो का? दीपक नाही म्हणाला. म्हातारीनं हात खाली घेतला.

"डोळ्याचं वाईट झालं, भाऊ," ती म्हणाली. "तुमी जाणून नाय केलं, हे कळालं, बरं झालं. पर मी आता बाजारला जायाची नाय. माझी बसायची जागा दुसरीनं धरली. तुमचे डोळे तसे माझा पाय. गेलं ते गेलं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही तसं विचारलं नाही. रूपालीनं चहा आणला. निघताना नवसाबाईनं स्नेहलच्या हातावर निशिगंधाच्या चार काड्या ठेवल्या.

परत येताना दोघं टेकडीवरून त्याच पायवाटेनं उतरली. पळसाची फुलं केव्हाच झडून गेली होती. दीपक पायाखाली बघत, जपून चालत होता. सायकलवाट लागली तशी मागून कुठूनतरी घंटी वाजली. तो जागच्या जागी थांबला. मान इकडून तिकडे वळवली, पण त्याला कळेना. तपासणी झाल्यापासून अशा वेळी तो काहीतरी बोलून वेळ मारून नेत असे.

"कुठल्या बाजूनं येतोय?" त्यानं विचारलं.

"डावीकडून," स्नेहल म्हणाली.

तो उजवीकडे सरकला आणि सायकल जाईपर्यंत तिच्या दंडाला धरून उभा राहिला.